फाइल उघडते, पण ड्रॉइंग पोचते का?

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम वर्कशॉपमध्ये सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू केला की ड्रॉइंग्ज येऊन पडलेली असतात. एका कंपनीने डीडब्ल्यूजी पाठवलेली असते, दुसरीने पीडीएफ आणि जोडीला स्टेप. तिसरीच्या पर्चेस खात्यातल्या कुणीतरी टेबलावरच्या प्रिंटचा मोबाइलने फोटो काढून तो व्हॉट्सअॅपवर टाकलेला असतो. चौथीकडून झिप येते. ती उघडावी तर आत एकाच पार्टच्या पाच फायली, आणि त्यातली कुठली धरायची हे विचारायला फोन करावा तर डिझायनर मीटिंगमध्ये. कोटेशन दुपारपर्यंत द्यायचे असते. मग जी फाइल आधी उघडेल ती धरून कामाला लागायचे, हा सगळीकडचा रिवाज.

ही पुस्तिका त्या रिवाजाच्या विरोधात लिहिली आहे.

डिप्लोमाची मुले आणि धंद्यात नव्याने पडलेले लोक हमखास विचारतात, सगळ्यांत चांगला फॉरमॅट कुठला? या प्रश्नाने मूळ दुखण्यावर बोट पडत नाही. फाइल न उघडणे ही तशी किरकोळ अडचण. ती लगेच कळते, फोन होतो, दुसरी फाइल येते. खरा घोटाळा होतो तो फाइल बिनबोभाट उघडते, स्क्रीनवर पार्ट छान फिरतो, आणि पाठवणाऱ्याने सांगितलेल्यातले काहीतरी वाटेतच गळालेले असते तेव्हा. गळालेल्या मालाची पावती कुणी देत नाही. प्रत्येक फॉरमॅट काही गोष्टी नेतो आणि काही मुकाट्याने टाकून देतो. तुलना करायचीच तर ती या टाकून दिलेल्या गोष्टींची करावी, एवढेच या पुस्तिकेचे म्हणणे आहे. फायलीचा आकार किती केबी, कुठली किती सेकंदांत उघडते, असले तक्ते शोधणाऱ्यांची निराशा होईल.

कागदाच्या काळात हा प्रश्न उद्भवत नव्हता. ड्रॉइंग बोर्डवर ट्रेसिंग पेपर, त्यावर शाईने काढलेले ड्रॉइंग, आणि ते अमोनिया मशीनमधून काढले की हातात येणारी निळसर रेघांची, नाकात झिणझिण्या आणणारी प्रिंट. त्याच्याही आधीची खरी ब्ल्यू प्रिंट, म्हणजे निळ्यावर पांढऱ्या रेघांची, ही जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइपची देणगी. प्रिंट कुठलीही असो, त्या एका कागदावर पार्टचा आकार होता, टॉलरन्स होते, मटेरियल आणि हीट ट्रीटमेंटच्या टिपा होत्या, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये कुणी काढले, कुणी तपासले, रेव्हिजन कुठले, हेही होते. ते सगळे एकाच कागदाला चिकटलेले, त्यामुळे त्यातले एक पाठवून दुसरे मागे ठेवण्याची सोयच नव्हती. कॉम्प्युटरने ही गाठ सोडवली. आकार एका फायलीत, अटी दुसऱ्या फायलीत आणि मंजुरीची सही तिसरीकडे, असे आता सर्रास चालते. त्यातले काय कुणापर्यंत पोचले याचा हिशेब ठेवणारा मात्र कुणी उरला नाही.

पुढच्या सर्व प्रकरणांत एकच पार्ट घेतला आहे, तोही मुद्दाम साधा. १२ मिलिमीटर जाड माइल्ड स्टीलच्या प्लेटमधून कापलेला बेअरिंगचा ब्रॅकेट: १६० बाय १२०, मधोमध ५० मिलिमीटर व्यासाचे एच७ बोअर, आणि चार कोपऱ्यांना एम१० चे आरपार आटे. ब्रॅकेट आधी लेझरवर कापला जातो, मग व्हीएमसीवर जातो आणि शेवटी इन्स्पेक्शनच्या टेबलावर. या तिघांना एकाच ब्रॅकेटबद्दल वेगवेगळे काही जाणून घ्यायचे असते.

डीडब्ल्यूजीपासून सुरुवात केली ती तिच्या मानासाठी नव्हे, तर तिच्याबद्दलचे गैरसमज सर्वांत जुने म्हणून. माइक रिडल यांच्या इंटरअॅक्ट या प्रोग्रॅमवरून ऑटोकॅड उभे राहिले आणि १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आले. तेव्हापासून ही फाइल आपल्याकडे इतकी रुळली की अनेकांच्या लेखी ड्रॉइंग म्हणजे डीडब्ल्यूजीच. पण हा खुला फॉरमॅट नाही. त्याची आतली मांडणी ऑटोडेस्कने कधी जाहीर केली नाही. इतरांनी ती उलगडून काढली, १९९८ मध्ये त्यासाठी एक संघटना उभारली, जी आज ओपन डिझाइन अलायन्स म्हणून ओळखली जाते. आज ऑटोकॅड सोडून इतर डझनभर सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजी वाचतात ते बहुतांशी या खटपटीच्या जोरावर. ऑटोडेस्कने २००६ मध्ये या अलायन्सला कोर्टात खेचले, पुढे तडजोड झाली. डीडब्ल्यूजी ही अक्षरे आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा कंपनीचा प्रयत्नही अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने फेटाळला आणि २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने तो नकार कायम केला. आपल्या वर्कशॉपला या भांडणाशी काय देणेघेणे, असे वाटेल. देणेघेणे एवढेच की तुमच्या ड्रॉइंगचा मजकूर ज्या भाषेत साठवला आहे, तिचे व्याकरण एका कंपनीच्या कपाटात आहे.

डीडब्ल्यूजी उघडत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. बाकी सगळी अगम्य चिन्हे दिसतील, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरे वाचता येतात. एसी१०१५ असेल तर ऑटोकॅड २००० चा साचा, एसी१०२७ असेल तर २०१३ चा, एसी१०३२ असेल तर २०१८ चा. समोरच्याला नेमके कुठल्या आवृत्तीत सेव्ह करून पाठवा म्हणून सांगायचे, ते यावरून ठरते.

उघडल्यानंतरचे धोके जास्त वाईट. ड्रॉइंगमध्ये दुसरे ड्रॉइंग एक्सरेफ म्हणून जोडलेले असेल आणि ते बरोबर पाठवले नसेल, तर तेवढा भाग गायब. फॉन्टची एसएचएक्स फाइल नसेल तर अक्षरे बदलतात, आणि व्यासाच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. पण माझा खरा राग आहे तो ओव्हरराइड केलेल्या डायमेन्शनवर. घाईत असलेला ड्राफ्ट्समन रेघ ४८ ची तशीच ठेवतो आणि तिच्यावरच्या मापाचा आकडा पुसून हाताने ५० टाइप करतो. प्रिंट काढली तर ती शंभर टक्के बरोबर. टर्नर आकडा वाचतो, त्याचा जॉब ५० चाच निघतो. तीच फाइल लेझरवाल्याकडे गेली की तो आकडा वाचत नाही, त्याचे मशीन रेघ वाचते, आणि प्लेट ४८ ची कापली जाते. फाइल एकच, पाठवणारा एकच, आणि दोघांनीही आपापले काम चोख केलेले. अशा वेळी रिजेक्शन कुणाच्या नावावर टाकायचे यावर तासन्‌तास वाद झालेले मी ऐकले आहेत.

म्हणजे डीडब्ल्यूजी वाईट असे नव्हे. ज्याला ड्रॉइंगवर पुढे काम करायचे आहे त्याला तीच द्यायला हवी. बांधकाम परवानगीसाठी महापालिकांनी ऑटोडीसीआरसारखी प्रणाली आणली, तेव्हा आर्किटेक्टकडून ठरावीक लेयरवर काढलेला आराखडाच मागितला गेला, कारण प्लॉटची हद्द, बांधीव क्षेत्र, सोडलेली सामासिक अंतरे हे सॉफ्टवेअरला रेघांवरून मोजायचे असते. तिथे पीडीएफ देऊन काय होणार? व्हेंडरला मात्र ड्रॉइंग बदलायचे नसते, वाचायचे असते. त्याच्या हाती बदलता येणारी फाइल देणे म्हणजे भांडणाची बेगमी.

डीएक्सएफही १९८२ ची, ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबरच आलेली, आणि ही मात्र इतरांनी वाचावी म्हणूनच काढलेली. तिची रचना जाहीर आहे. आपल्या ब्रॅकेटची डीएक्सएफ नोटपॅडमध्ये उघडली तर चक्क वाचता येते. ओळींच्या जोड्या असतात: वरच्या ओळीत एक संकेतांक, खालच्या ओळीत त्याची किंमत. शून्याखाली ‘सर्कल’ असे इंग्रजीत लिहिलेले सापडले की वर्तुळ सुरू झाले. आठच्या खाली लेयरचे नाव. दहाच्या खाली केंद्राचा एक्स, वीसच्या खाली वाय, आणि चाळीसच्या खाली त्रिज्या. ५० च्या बोअरसाठी तिथे २५ दिसायला हवेत. ज्याने आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिला नाही अशा माणसालाही दहा मिनिटांत हे समजते, आणि एकदा समजले की फाइल ही जादू उरत नाही. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग न चुकता करावा.

त्या २५ च्या पुढे एकक लिहिलेले नसते, हेही तिथेच दिसते. मिलिमीटर की इंच, हे फायलीच्या सुरुवातीला एका वेगळ्या जागी सांगता येते: चार असेल तर मिलिमीटर, एक असेल तर इंच. पण आर१२ या जुन्या साच्यात ती नोंदच नव्हती, आणि जुन्या कंट्रोलरला चालते म्हणून लेझरवाले आजही आर१२ मागतात. त्याच साच्यात स्प्लाइन नाही, लंबवर्तुळ नाही. गुळगुळीत वक्र पाठवला की त्याचे बारीक तुकडे होतात आणि कापलेल्या कडेवर बोट फिरवले की ते जाणवतात. लेझरवाल्याच्या दृष्टीने कापायची रेघ सोडून फायलीत जे काही असेल ते अडचणच. टायटल ब्लॉकची चौकट, सेंटर लाइन, बेंड लाइन वेगळ्या लेयरवर नसेल तर मशीन तीही कापायला निघते. एकावर एक दोन रेघा पडल्या असतील तर तीच कड दोनदा कापली जाते. शिवाय एच७ बोअर लेझरवर होत नाही, तिथे ४६ चे भोक पाडून चार मिलिमीटर मटेरियल बोअरिंगला ठेवावे लागते. म्हणजे लेझरसाठीची डीएक्सएफ ही ड्रॉइंगची नक्कल नसतेच, ती वेगळी बनवावी लागते. ‘तीच फाइल डीएक्सएफमध्ये सेव्ह करून टाका’ म्हणणाऱ्याला हे माहीत नसते.

त्रिमितीकडे वळले की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. वेगवेगळ्या कॅड प्रणालींनी एकमेकांशी बोलावे म्हणून अमेरिकेत १९७९ मध्ये हालचाल सुरू झाली. बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी आपापले काम पुढे केले, आणि १९८० मध्ये तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने आयजेस प्रसिद्ध केले. आयजेसची फाइल पाहिली तर प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, कारण पंच कार्डावर ८० रकाने असत. कार्डे गेली, रकाने राहिले. आयजेस प्रामुख्याने पृष्ठभाग नेते, आणि हे पृष्ठभाग एकमेकांना जुळलेले आहेत की नाहीत ते घेणाऱ्याच्या नशिबावर. एका सॉफ्टवेअरला हजारांश मिलिमीटरची फट म्हणजे चिकटलेलेच, दुसऱ्याला तेच भगदाड. मग डाय बनवणाऱ्याकडे एखादा माणूस दिवसभर फटी बुजवत बसतो. या फॉरमॅटची शेवटची आवृत्ती १९९६ ची. अजूनही कुणी आयजेस पाठवली तर परत करून स्टेप मागावी, याहून जास्त शब्द तिच्यावर खर्च करण्याची माझी तयारी नाही.

स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३. काम १९८४ मध्ये सुरू झाले आणि पहिले भाग प्रसिद्ध झाले १९९४ मध्ये. दहा वर्षे लागली, कारण उद्दिष्ट मोठे होते: नुसता आकार नव्हे, तर पार्टबद्दलची सर्व माहिती एका तटस्थ भाषेत. गंमत म्हणजे ज्या रूपात ती पहिल्यांदा उद्योगात रुजली, त्या एपी२०३ मध्ये नेमका आकारच नीट गेला आणि बाकीचे मागे राहिले. वाहन उद्योगासाठी एपी२१४ आले. २०१४ मध्ये दोन्ही एकत्र करून एपी२४२ निघाले, ज्यात टॉलरन्स आणि टिपाही मॉडेलला जोडून पाठवता येतात. पण सॉफ्टवेअरच्या ‘सेव्ह अॅज’मध्ये नुसते ‘स्टेप’ निवडले की यातले कुठले निघते, हे पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

आता आपला ब्रॅकेट एपी२०३ च्या स्टेपमधून व्हीएमसीवाल्याकडे जाऊ द्या. बोअर एच७, म्हणजे ५०.००० ते ५०.०२५. त्यात बसणारा शाफ्ट एफ७ धरला, तर तो ४९.९५० ते ४९.९७५. ड्रॉइंगवर दोन्ही मर्यादा ठणठणीत लिहिलेल्या. मॉडेलमध्ये मात्र डिझायनरने बोअरही ५० काढले आणि शाफ्टही ५०. स्टेपमध्ये दोन्ही ५०.००० म्हणून जातात. प्रोग्रॅमरने मॉडेलवरून टूल पाथ काढला, मशीन उत्तम, माप काटेकोर, आणि शाफ्ट बोअरमध्ये जाईना. कुणी म्हणेल, इतके कोण चुकतो? ज्याला पीडीएफ मिळालीच नाही तो.

आट्यांचे तर याहून बेमालूम होते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आटे प्रत्यक्ष कोरलेले नसतात, भोकावर नुसती आट्यांची खूण लावलेली असते. स्टेप करताना ती खूण गळते आणि उरते साधे भोक. ते भोक किती व्यासाचे, हेही सॉफ्टवेअरच्या सवयीवर: कुठे ८.५, जे एम१० साठी टॅपच्या आधीचे ड्रिल, तर कुठे थेट १०. पहिल्या प्रसंगात ब्रॅकेट बिनआट्यांचा येतो आणि असेंब्लीच्या वेळी टॅप मारून निभावता येते. दुसऱ्या प्रसंगात प्लेट भंगारात. दोन्ही वेळा स्क्रीनवर चार भोके दिसतात, आणि ड्रॉइंग न पाहता मॉडेल पाहणाऱ्याला शंका येण्याचे कारणच नसते.

स्टेपमध्ये फीचर ट्री जात नाही, मॉडेल कुठल्या क्रमाने घडवले ते कळत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती तक्रार वाटत नाही. आपली डिझाइन करण्याची रीत, आतली समीकरणे, पर्यायी आकार हे सगळे व्हेंडरच्या हाती का द्यावे? नेटिव्ह फाइल मागणारे ग्राहक आणि ती बिनदिक्कत देणारे लघुउद्योजक, दोघांनीही या मुद्द्यावर थोडे थांबावे.

फॉरमॅटचा प्रश्न लहान वर्कशॉपपुरताच आहे, असे कुणाला वाटू नये. एअरबसच्या ए३८० विमानाची गोष्ट या विषयावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो, आणि बहुतेकदा चुकीची सांगतो. विमानाचे भाग जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेनमध्ये बनत आणि जुळणी तुलूझला होई. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गहून वायरिंग घालून आलेले धडाचे भाग तुलूझला जोडायला घेतले तर केबल पुरेनात. जर्मनी आणि स्पेनमध्ये कॅटिया व्ही४ वापरात होते, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये व्ही५. दोन्ही एकाच दासो सिस्टिम्सची, नावही एकच, पण व्ही५ नव्याने लिहिलेले. फायली एकीकडून दुसरीकडे जात होत्या, उघडतही होत्या. पण बदललेले मॉडेल आणि बदललेले वायरिंग एकमेकांशी धड ताडून पाहता येत नव्हते. त्यात अॅल्युमिनियमच्या वायरचे वळण तांब्यापेक्षा वेगळे, आणि प्रत्येक ग्राहकाची केबिन निराळी. १४ जून २००६ रोजी पालक कंपनी ईएडीएसचा शेअर एका दिवसात २६ टक्के घसरला, महिन्याभरात वरिष्ठांना पायउतार व्हावे लागले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा जवळपास दोन वर्षे उशिरा. सगळे खापर सॉफ्टवेअरवर फोडणे सोयीचे आहे. पण दोन आवृत्त्या ठेवायच्या हा निर्णय माणसांनीच घेतलेला होता.

आणि पैशांचे म्हणाल, तर अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅडची माहिती एकीकडून दुसरीकडे नीट न गेल्याने एकट्या अमेरिकन वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत वर्षाला किमान एक अब्ज डॉलर वाया जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातला मोठा वाटा बिघडलेल्या फायली दुरुस्त करण्याचा आणि पुन्हा काढण्याचा.

एसटीएलवर एक छोटे प्रकरण आहे, केवळ थ्री-डी प्रिंटिंगमुळे ती सर्वांच्या तोंडी झाली म्हणून. १९८७ मध्ये थ्री-डी सिस्टिम्ससाठी ती तयार झाली आणि तिचे काम एकच: पृष्ठभागाचे त्रिकोण करणे. गोल गोष्ट तिला माहीत नाही. आपल्या ५० च्या बोअरचा परीघ २४ सरळ बाजूंत मोडला, तर प्रत्येक बाजूचा मध्य त्रिज्येत ०.२१ मिलिमीटर आत येतो. ७२ बाजू केल्या तरी ०.०२४. आणि एच७ ची एकूण मोकळीक व्यासावर ०.०२५! एककही फायलीत नसते. प्रिंटरला द्यायला ठीक, मशिनिंगला एसटीएल देणे हा शुद्ध अविचार. नव्या थ्रीएमएफमध्ये निदान एकक तरी आहे.

पीडीएफला पुष्कळ इंजिनीअर हलक्यात काढतात. मी तसे करणार नाही. १९९३ मध्ये अॅडोबीने आणली, २००८ मध्ये आयएसओ ३२००० म्हणून जगाची झाली, आणि जुन्या कागदाने एकत्र धरलेल्या गोष्टी आज एकत्र धरणारी ही एकमेव फाइल आहे. मोबाइलवर उघडते, फॉन्ट आत घेऊन जाते, डिजिटल सही पेलते. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफ/ए हे २००५ चे मानक आहे. अट एवढीच की ती थेट कॅडमधून काढलेली असावी. प्रिंट काढून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटोच, त्यात ३ आणि ८ ओळखताना डोळे फुटतात. दुसरी खबरदारी छपाईची. ए१ चे ड्रॉइंग ए४ वर ‘फिट टू पेज’ करून छापले की स्केल गेले, आणि तरीही कुणीतरी त्यावर पट्टी लावतोच. ड्रॉइंगवर मापे पट्टीने मोजू नयेत ही टीप टायटल ब्लॉकजवळ छापतात ती उगीच नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवले की ते आकसते, आणि टॉलरन्सचे बारीक आकडे सगळ्यांत आधी मरतात.

मराठी टिपांचा प्रश्न मुद्दाम वेगळा घेतला आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत तो सापडणार नाही. सरकारी कामांच्या नकाशांत गाव, गट नंबर, तळटीप मराठीत असतात आणि जुन्या फायलींत त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर डीडब्ल्यूजी उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. रेघा जशाच्या तशा, मापे जशीच्या तशी, फक्त जमीन कुणाची तेवढे वाचता येत नाही. अशा फायली आजच युनिकोडमध्ये आणून, फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ काढून ठेवाव्यात. तो फॉन्ट असलेला शेवटचा कॉम्प्युटर भंगारात जाण्याआधी.

मग पाठवावे काय? माझे मत पुस्तिकेत लपवलेले नाही. मशिनिंगच्या कामासाठी स्टेप आणि पीडीएफ ही जोडी, आणि लेझरसाठी वेगळी काढलेली डीएक्सएफ. पण जोडी पाठवली की नवा प्रश्न येतो: दोहोंत फरक आढळला तर ग्राह्य काय? याचे उत्तर पर्चेस ऑर्डरवर एका ओळीत लिहिलेले असावे, आणि दोन्ही फायलींच्या नावात तोच रेव्हिजन नंबर असावा. ही ओळ लिहिण्याला कुठलेही लायसन्स लागत नाही, तरी ती क्वचितच आढळते.

एपी२४२ मुळे ड्रॉइंगची गरजच संपेल, टॉलरन्ससकट सगळे मॉडेलमध्येच असेल, असे सांगणारे बरेच आहेत. मोठ्या विमान आणि वाहन कंपन्यांत ते काही अंशी आलेही आहे. पण टॉलरन्स मॉडेलला दोन प्रकारे जोडता येतात: माणसाने वाचायचे चित्र म्हणून, किंवा मशीनला कळणारी माहिती म्हणून. पहिल्या प्रकारात इन्स्पेक्टरने स्क्रीनवर वाचायचे, एवढाच फरक. दुसऱ्या प्रकारात सीएमएम स्वतः समजून घेऊ शकते, पण त्यासाठी दोन्ही टोकांची सॉफ्टवेअर त्या तोडीची हवीत. मशीनजवळ तेलकट हातांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातली प्रिंट वाचणारा ऑपरेटर अजून काही वर्षे तरी प्रिंटच वाचणार आहे, आणि त्याला मागासलेला म्हणण्याचे कारण नाही.

इमारतींचे आयएफसी, मोठ्या असेंब्ली नुसत्या पाहण्यासाठीचे जेटी आणि त्रिमिती पीडीएफ यांच्यावर थोडक्यात लिहिले आहे. सर्किट बोर्डांचा गर्बर पूर्ण वगळला. तो विषय स्वतंत्र पुस्तिकेचा आहे.

शेवटच्या प्रकरणात फाइल पाठवण्याआधीची एक तपासणी दिली आहे, आणि तिला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. आपणच काढलेली स्टेप रिकाम्या खिडकीत पुन्हा उघडायची आणि तिचे वजन ड्रॉइंगवरच्या वजनाशी ताडायचे. आपल्या ब्रॅकेटचे वजन, ८.५ ची चार भोके धरून, १.६० किलो भरते. मिलिमीटरचे कुठे इंच झाले असतील तर तोच ब्रॅकेट २६ टनांचा दिसतो. भोके ८.५ ऐवजी १० ची झाली असतील तर वजन सुमारे आठ ग्रॅमने घटते. म्हणून टायटल ब्लॉकमध्ये वजन लिहिताना तीन दशांश स्थळे लिहावीत. आटे गळाले आहेत का, हे मात्र वजनावरून कळणार नाही. त्यासाठी पीडीएफच उघडून पाहावी लागते.